सीटीआर ४.२ वरून १.८ वर आलाय, सगळी टायटलं बदलायची का?

भाजणीचा_डबा

नमस्कार मंडळी. माझी मराठी रेसिपींची साइट आहे, सहा वर्षं झाली, सगळं मी एकटीच बघते. रेसिपी आईच्या वहीतल्या आणि प्रत्येक स्वतः करून बघितलेली. आत्ता दिवाळी झाल्यावर सर्च कन्सोल (आपली साइट गुगलवर कशी दिसते ते सांगणारं गुगलचं टूल) उघडून ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५ आणि गेल्या वर्षीचे तेच तीन महिने शेजारी लावले. गेल्या वर्षी इम्प्रेशन (शोधात किती वेळा दिसलं) ९६,०००, क्लिक ४,०३२, सीटीआर (दिसलं त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं) ४.२ टक्के. यंदा इम्प्रेशन १,८४,०००, क्लिक ३,३१२, सीटीआर १.८. अ‍ॅव्हरेज पोझिशन, म्हणजे निकालांत सरासरी कितवा नंबर, ९.१ होती ती १४.६ झालीय.

म्हणजे साइट दुप्पट लोकांना दिसतेय आणि येतायत मात्र आधीपेक्षा कमी. हे बघून रात्री झोप लागली नाही खरंच, कारण यंदा मी ३८ नवीन रेसिपी टाकल्यात, फोटोंसाठी सुट्टीचे दिवस घातलेत. एका एजन्सीला फोन केला तर ते म्हणाले पहिल्या नंबरला ३० टक्के क्लिक मिळायलाच हवेत, तुमची टायटलं (निकालात दिसणारी पानांची नावं) बाद आहेत, सगळी १४० पानांची बदलून देतो. पैसे बरेच मागतायत. द्यावेत का? आणि हा ३० टक्क्याचा आकडा खरा असतो का, तेवढं कुणीतरी नीट सांगा.

सातारकर_सर्च

ताई, पैसे देऊ नका आणि इतक्यात एकाही टायटलला हात लावू नका. आधी आकडा फोडून बघू.

अख्ख्या साइटचा सीटीआर हा आकडा निर्णय घ्यायच्या कामाचाच नाही. तुम्ही ३८ नवी पानं टाकली, ती पानं आत्ता दुसऱ्या-तिसऱ्या पानावर कुठेतरी दिसत असणार, तिथे इम्प्रेशन मोजलं जातं पण क्लिक जवळपास कुणी करत नाही, त्यामुळे भागाकारात खालचा आकडा फुगतो आणि टक्का पडतो. अ‍ॅव्हरेज पोझिशन खाली गेलीय ती बहुतेक यामुळेच, जुनी पानं घसरली असतील असं नाही. शंभरच्या वर्गात चाळीस नवी पोरं आली की वर्गाची सरासरी बदलते, जुन्या पोरांचे मार्क तेवढेच असतात. पण ताई, तुमचे क्लिकसुद्धा ७२० ने कमी झालेत, ते मात्र या हिशोबात बसत नाही. तिथे काहीतरी खरंच हललंय आणि ते शोधायला लागेल.

आता ३० टक्क्याचं. असे आकडे कुठून येतात ते सांगतो. २००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी म्हणून साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांचे सर्च बाहेर सोडले होते, त्यावर पहिला मोठा हिशोब निघाला, पहिल्या निकालाला साधारण ४२ टक्के क्लिक आणि दुसऱ्याला जेमतेम १२. तेव्हा पान म्हणजे बहुतेक वेळा दहा निळ्या लिंका. नंतर बॅकलिंको आणि सिस्ट्रिक्स या सर्चचा अभ्यास करणाऱ्या कंपन्यांचे आकडे आले, बॅकलिंकोचा २७.६ टक्के, सिस्ट्रिक्सचा २०२० चा २८.५ टक्के, एजन्सीवाल्यांचं ३० तिथूनच उचललेलं दिसतंय. पण सिस्ट्रिक्सच्या त्याच अभ्यासात पुढे जे आहे ते कुणी सांगत नाही. पहिलाच नंबर, पण खाली साइटलिंक्स (त्याच साइटच्या आतल्या पानांच्या लिंका) असतील तर ४६.९ टक्के, पान साधं असेल तर ३४.२, वर उत्तराची चौकट असेल तर २३.३, आणि शॉपिंगच्या जाहिराती असतील तर १३.७. जागा एकच, पहिली, आणि फरक तिपटीपेक्षा जास्त. मग "पहिल्याला ३० मिळायलाच हवेत" याला काय अर्थ राहिला?

तर असं करा. परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये कम्पेअर लावा, पेजेस टॅबवर जा, क्लिकच्या फरकाने सॉर्ट करा, सगळ्यात जास्त क्लिक कुठल्या पानाने गमावले ते बघा. मग त्या एकाच पानावर क्लिक करून क्वेरीज (लोकांनी शोधलेले शब्द) टॅब. तिथे पोझिशन तीच असून सीटीआर पडलाय का हे बघायचंय. पोझिशनच पडली असेल तर आजार वेगळा. ते आकडे इथे टाका.

कोकणी_माणूस_७

सातारकरांनी बरोबर सांगितलंय, मी फक्त पोझिशनबद्दल भर घालतो कारण मी यात दोन वर्षं फसलो होतो. माझं गुहागरला होमस्टे आहे. गुहागर आणि होमस्टे असे शब्द टाकून शोधलं की मी तिसरा, सीटीआर दीड टक्का. मी टायटल बदलत बसलो, सहा वेळा बदललं असेल. मग एकदा भाच्याच्या मोबाइलवर शोधून बघितलं, वर जाहिराती, मग हॉटेलांचे रेट दाखवणारी चौकट, मग नकाशा आणि त्याखाली तीन नावं, मग "लोक हेही विचारतात", आणि अंगठा तीनदा वर सरकवल्यावर माझी लिंक. कन्सोलला मी तिसरा, बघणाऱ्याला पंधरावा. इम्प्रेशन मात्र मोजलं जातं, माणसाने तिथपर्यंत सरकवलेलं नसलं तरी.

माझ्या होमस्टेचं नाव टाकून शोधणाऱ्यांचा सीटीआर ४० च्या वर आहे, कारण त्यांना मीच हवा असतो. ही नावाची क्वेरी बाजूला काढल्याशिवाय बाकीचं काही कळत नाही. आणि नकाशावरच्या प्रोफाइलवरून थेट फोन येतात ते वेबसाइटच्या क्लिकमध्ये धरलेच जात नाहीत. मे महिन्यात माझी खोल्यांची वही भरलेली होती आणि सीटीआर पडलेला होता. तेव्हापासून मी आलेले फोनसुद्धा वहीत लिहितो.

भाजणीचा_डबा

खूप आभार दोघांचे. केलं सांगितलं तसं, दुपारभर बसले होते. एकच पान निघालं! चकलीच्या भाजणीचं. गेल्या वर्षी त्याला २२,००० इम्प्रेशन आणि १,९८० क्लिक होते, म्हणजे ९ टक्के. यंदा २३,५०० इम्प्रेशन आणि १,१७५ क्लिक, ५ टक्के. पोझिशन तेव्हा २.१ आणि आता २.०, म्हणजे हललेलीच नाही. या एका पानाने ८०५ क्लिक गेले आणि बाकी सगळी साइट मिळून उलट ८५ क्लिक वाढलेत. म्हणजे माझ्या नव्या रेसिपी अगदी वाया नाही गेल्या, हे बघून जरा बरं वाटलं.

क्वेरीजमध्ये सगळ्यात जास्त पडलंय ते "चकली भाजणी प्रमाण" आणि "१ किलो चकली भाजणी प्रमाण", आणि हेच रोमन अक्षरांत टाइप केलेलं. पण "चकली तेलात विरघळते" आणि "चकली मऊ का पडते" यांचे क्लिक तसेच आहेत, सीटीआर ११-१२ टक्के. मोबाइलवर शोधून बघितलं तर प्रमाणाच्या सर्चला वरच चौकटीत तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, असं सगळं लिहून येतंय. मग आत कोण येणार?

टायटल सध्या असं आहे: "चकली रेसिपी मराठी | चकली कशी करायची | दिवाळी फराळ | बेस्ट चकली".

सातारकर_सर्च

ताई, उत्तर तुम्हीच काढलंत. ज्या बाईला फक्त प्रमाण हवंय, तिच्यासमोर डाळींचे डबे उघडे आहेत, तिने आकडा वाचला आणि मापायला घेतलं. तिला आत यायची गरजच उरली नाही. त्या क्लिकच्या मागे लागण्यात अर्थ नाही, १४० टायटलं बदलून ते परत येणार नाहीत.

पण जिची चकली तेलात विरघळतेय तिला दोन ओळी पुरत नाहीत. कढई गॅसवर आहे, पहिला घाणा फुटलाय, तिला मोहन किती घातलं होतं, पीठ कसं मळलं, तेल किती तापलेलं होतं हे सगळं ताडून बघायचंय. ती आत येते आणि थांबते, तुमचा ११-१२ टक्का तेच सांगतोय. पानाचं तोंड तिच्याकडे करा. टायटल असं काहीतरी: "चकली तेलात विरघळते? भाजणी आणि मोहनाचं प्रमाण". मोबाइलवर शेवट कापला गेला तरी पहिले तीन शब्द राहतात. उभ्या रेघा आणि "बेस्ट" काढून टाका, चार टायटलं चिकटवल्यासारखं दिसतं ते. आणि पानावरचं मोठं हेडिंगही जुळवून घ्या, कारण ऑगस्ट २०२१ पासून गुगल आपलं टायटल टाकून कधीकधी पानावरचं हेडिंगच दाखवतं.

प्रमाण पानावरून लपवू नका मात्र. कुणी सांगेल नोस्निपेट (गुगलला पानाचा मजकूर दाखवू नको सांगणारी खूण) लावा म्हणजे चौकटीत मजकूर जाणार नाही. सोय आहे तशी, पण मग तुमच्या लिंकखालची ओळही जाते आणि चौकट दुसऱ्या कुणाच्या मजकुराने भरते. एका क्लायंटच्या पानावर लावून बघितलं होतं, तीन आठवड्यांत काढलं.

डेटा_वाचक

उशिरा आलो. ही चौकट आता बऱ्याच ठिकाणी एआय ओव्हरव्ह्यूची, म्हणजे गुगलच्या एआयने लिहिलेल्या सारांशाची असते, अमेरिकेत मे २०२४ ला आली, भारतात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्रजी आणि हिंदीत. प्यू रिसर्च या संशोधन संस्थेने अमेरिकेतल्या लोकांचं मार्च २०२५ चं ब्राउझिंग तपासलं, एआयचा सारांश दिसला तेव्हा ८ टक्के वेळा साध्या निकालावर क्लिक झालं, नाही दिसला तेव्हा १५ टक्के. सारांशातल्या लिंकवर क्लिक साधारण १ टक्का. क्लिकविना संपणारे सर्च त्याआधीही निम्म्याच्या आसपास होतेच, स्पार्कटोरो या कंपनीने २०१९ लाच ते दाखवलं होतं. आणि सर्च कन्सोलमध्ये एआय ओव्हरव्ह्यूचे क्लिक-इम्प्रेशन बाकीच्या वेब सर्चमध्येच मिसळलेले असतात, वेगळे काढता येत नाहीत. म्हणून स्वतः मोबाइलवर शोधून बघणं ताईंनी केलं ते फार चांगलं केलं, त्याला दुसरा उपाय नाही.

दोन गोष्टी जपा. सप्टेंबर २०२५ मध्ये एका पानावर शंभर निकाल मागायची सोय बंद झाली, त्यानंतर बऱ्याच साइट्सचे इम्प्रेशन धाडकन पडले आणि अ‍ॅव्हरेज पोझिशन सुधारलेली दिसायला लागली, कारण रँक तपासणारी टूल्स खोलवरचे निकाल उघडायची ते थांबलं. अशा साइटचा सीटीआर काही न करता वाढलेला दिसतो. तुमचे इम्प्रेशन वाढलेत म्हणजे तुम्हाला फार लागलेलं नाही, पण पुढच्या वर्षी तुलना करताना ही तारीख लिहून ठेवा.

दुसरी, दिवाळी सरकते. २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. अकरा दिवसांचा फरक. तुम्ही पूर्ण तीन महिने घेतलेत म्हणून निभावलं, नुसता "१ ते २० ऑक्टोबर" असा वर्षावर्षाचा हिशोब केला असता तर यंदा चकली तुफान चालली असं दिसलं असतं. फराळाच्या पानांची तुलना लक्ष्मीपूजनापासून मागे दिवस मोजून करा, तारखेने नको.

नवीन_ब्लॉगर_नगर

मध्येच विचारतो, सॉरी. सीटीआर वाढला की रँक वाढतो हे खरं का? आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज एकमेकांच्या साइट शोधून क्लिक करायचं ठरलंय, वीस जण आहोत.

डेटा_वाचक

दादा, ते बंद करा, मनापासून सांगतोय. गुगलचे लोक वर्षानुवर्षं सांगत आले की सीटीआर बघून आम्ही रँक ठरवत नाही. मग अमेरिकेत गुगलवर चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गुगलचेच पांडू नायक यांनी साक्षीत सांगितलं की नॅव्हबूस्ट नावाची यंत्रणा लोकांच्या क्लिकचा मागच्या १३ महिन्यांचा डेटा वापरते. २०२४ ला गुगलची जी अंतर्गत कागदपत्रं फुटली त्यात चांगले क्लिक, वाईट क्लिक, सगळ्यात शेवटी आणि जास्त वेळ टिकलेले क्लिक अशी नावं होती. म्हणजे क्लिकला किंमत आहे, पण आत येऊन माणूस लगेच मागे फिरला आणि दुसरी लिंक उघडली तर तो क्लिक तुमच्या बाजूने कसा धरतील? वीस जणांनी रोज येऊन पाच सेकंदांत बाहेर पडायचं, यातून मिळणार काहीच नाही, आणि सर्च कन्सोलचे तुमचेच आकडे खोटे होऊन बसतील. मग तुम्हाला स्वतःचं पान कुठे दुखतंय तेही कळणार नाही. तेवढ्या वेळात एकमेकांची पानं पूर्ण वाचा आणि कुठे अडलं ते सांगा.

भाजणीचा_डबा

सगळ्यांचे मनापासून आभार. एजन्सीला नाही म्हणून कळवलं. चकलीचं टायटल आणि हेडिंग आज बदललं, तारीख वहीत लिहिली, बाकी १३९ पानं आहेत तशीच. आता त्या पानात वरतीच "विरघळतेय, कडक झालीय, मऊ पडतेय" असे तीन भाग करतेय, मोहन जास्त झालेला घाणा, मोहन कमी पडलेला घाणा आणि मोठ्या आचेवर बाहेरून लाल होऊन आत कच्ची राहिलेली, तिन्हींचे फोटो शेजारी शेजारी. ते माझ्याकडे नाहीयेत, कारण आजवर चांगल्या चकलीचेच फोटो काढले. रविवारी आई येतेय, मुद्दाम तीन घाणे बिघडवून काढणार आहोत. सातारकर, घाण्यांचे फोटो पानात टाकताना त्यांच्या खाली काय लिहू, नुसतं "मोहन जास्त" की पूर्ण वाक्य?

सातारकर_सर्च

पूर्ण वाक्य ताई. "मोहन जास्त झाल्यामुळे तेलात फुटलेली चकली." शोधणारी बाई अशाच शब्दांत टाइप करते.