पक्षात काम सुरू करायचंय, पण कोणी धड सांगत नाही – मदत हवी आहे

कृष्णाकाठ:
एका पक्षाचे विचार पटतात, म्हणून काम करायचंय. तिकीट वगैरे नकोय. त्यांच्या कार्यालयात जाऊन आले. टेबलावर साहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचे नमुने पसरलेले आणि कोणाचा फोटो कितव्या रांगेत यावर हमरीतुमरी. पक्षाची घटना वाचायला मागितली तर तिथला मुलगा म्हणाला, "ताई, आधी मिस्ड कॉल द्या, मग बघू." दिला. आता ग्रुपवर दिवसभर शुभ सकाळ! सुरुवात कुठून करू? आणि हे लोक त्यांची मूल्यं खरंच पाळतात का, हे ओळखायचं कसं? परवा बैठक आहे, लवकर सांगा.

बाभूळवन:
कोणता पक्ष? कुठलं गाव? नगरपरिषद की ग्रामपंचायत?

कृष्णाकाठ:
पक्षाचं नाव लिहिलं की इथेच जुंपेल. सांगली जिल्हा, तालुक्याचं गाव, नगरपरिषद. पुरे?

जुना सतरंजीवाला:
बैठका सोडा, मतदार यादी धरा. आपल्या भागाची यादी काढून दोन गल्ल्या घरोघर फिरा. मयत, सासरी गेलेल्या मुली, पुण्याला गेलेली पोरं, सगळं त्यात सापडतं. नवीन नावाला नमुना 6, वगळायला 7, दुरुस्तीला 8. ज्याच्याकडे अशी तपासलेली यादी असते त्याला निवडणुकीत नेते स्वतः फोन करतात. आम्ही आयुष्यभर सतरंज्या उचलल्या, पण हे काम करणाऱ्याला कोणी डावललेलं पाहिलं नाही.

कलमबहाद्दर:
घटना वाचून काही कळणार नाही. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 29अ आहे. पक्षाला निवडणूक आयोगाकडे नोंदणी मागताना राज्यघटना, समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही यांवर निष्ठा लिहून द्यावीच लागते. म्हणजे कागदावर सगळेच सोज्वळ. त्यापेक्षा नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागवा. ठेक्याच्या ठरावाला सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कोणी नोंदवला ते बघा. मूल्यं तिथे दिसतात.

नाक्यावरचा:
इतिवृत्त वाचून कोण कार्यकर्ता झालाय? पक्ष सोडा, शहर विकास आघाडी काढा. गावचे प्रश्न गावातच.

जुना सतरंजीवाला:
आघाडी म्हणजे ज्यांना तिकीट मिळालं नाही त्यांचा मेळावा. निकालानंतर कुठे जाते माहीत आहे ना?

नाक्यावरचा:
निदान दिल्लीकडे बघून उठाबशा काढत नाही.

मार्गदर्शक काका:
उमेदवारीसाठी वय 21 पूर्ण हवं. 12 सप्टेंबर 2001 नंतरचं तिसरं अपत्य असेल तर अपात्र. राखीव जागा असेल तर जात वैधतेचं आत्तापासून बघा.

कृष्णाकाठ:
काका, मला निवडणूक लढवायची नाहीये!!

मार्गदर्शक काका:
सगळे सुरुवातीला असंच म्हणतात.

बाभूळवन:
ताई, तुम्ही करता काय? नोकरी, व्यवसाय?

कृष्णाकाठ:
जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. त्याचा काय संबंध?

कलमबहाद्दर:
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! जिल्हा सेवेचे वर्तणूक नियम आहेत, 1967 चे. पक्षाचं सभासद होता येत नाही, प्रचार नाही, पक्षाला वर्गणी नाही. मत द्यायचं, पण कोणाला ते सांगत फिरायचं नाही. परवाच्या बैठकीला जाऊ नका. मिस्ड कॉलने नाव चढलं असेल तर काढून टाका म्हणून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

नाक्यावरचा:
आमच्याकडे निम्मे गुरुजी गळ्यात गमछा घालून फिरतात. काही होत नाही.

कलमबहाद्दर:
तक्रार होईपर्यंत. ती विरोधी गट नाही, आपल्याच पक्षातला दुसरा गट करतो.

जुना सतरंजीवाला:
हे मात्र खरं. मग यादीचं माझं म्हणणं मागे घेतो. इतिवृत्तं मागवा ताई, ती नागरिक म्हणून मागता येतात.

कृष्णाकाठ:
इतिवृत्तांचा अर्ज करते. आणि मिस्टरांना सभासद केलं तर चालेल का?

बाभूळवन:
मिस्टर काय करतात, ते आत्ताच सांगून टाका.