मदत हवी आहे: डीपीटी करता करताच पीएचडी, की आधी एक आणि मग दुसरं?

मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी अमेरिकेत डीपीटीच्या (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी) दुसऱ्या वर्षाला आहे. इथे फिजिओ व्हायचं तर आता हाच रस्ता. कॅपटे या मान्यता देणाऱ्या संस्थेने २०१६ पासून बाकीच्या पदव्यांचं दार बंद केलं. नावात डॉक्टरेट असली तरी ही पदवी रुग्ण तपासण्यासाठीची, संशोधनाची पीएचडी वेगळी. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे दोनदा डॉक्टर?"

तर झालं असं, की उन्हाळ्यात एका लॅबमध्ये हातभार लावायला म्हणून गेले आणि अडकले. एसीएलची (गुडघ्यातल्या एका अस्थिबंधाची) शस्त्रक्रिया झालेल्यांची चाल तिथे मोजतात. माझं काम म्हणजे पायांवर मार्कर, म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारे छोटे गोळे, चिकटवणं. घामाने एक जरी सुटला की ती फेरी बाद! पण त्यातल्या एकाची चाल बघून मी मनात म्हटलं होतं, झाला हा बरा. नंतर स्क्रीनवर पाहिलं तर गडी सगळा भार चांगल्या पायावर टाकत होता. माझ्या डोळ्यांना काहीच दिसलं नव्हतं. तेव्हापासून पीएचडीचा किडा डोक्यात आहे.

लॅबचे सर म्हणतात, दोन्ही एकत्र कर, ६-७ वर्षांत मोकळी होशील. पण मध्येच संशोधनात शिरले तर पूर्णवेळ इंटर्नशिप, किमान ३० आठवड्यांची, पुढे ढकलली जाईल. तोवर रुग्ण हाताळायची हाताची सवय जाईल का? परवाना परीक्षा, एनपीटीई, तीही लांबणारच. त्यात डीपीटीची फी कर्जातून, आणि शिकत असतानाही व्याज चढतंय. कोणी दोन्ही केलंय का?

प्रतिसाद १
मी आधी डीपीटी संपवली, लगेच परीक्षा दिली, दोन वर्षं रुग्ण पाहिले आणि मग पीएचडीला गेले. माझा प्रबंधाचा विषय क्लिनिकमध्येच सापडला. आता दर शनिवारी एका हॉस्पिटलमध्ये पीआरएनवर (गरजेपुरतं बोलावतात तसं काम) जाते, त्यामुळे हात चालू आहे. तोटा एकच: पगाराची सवय लागल्यावर स्टायपेंडवर येणं फार जिवावर येतं.

प्रतिसाद २
मी एकत्र केलं. हाताची सवय जाते, पण महिनाभरात परत येते, त्याची एवढी धास्ती घेऊ नका. पैशांचं मात्र नीट बघा. पीएचडीत फी माफ आणि वर स्टायपेंड, हे सगळे सांगतात. पण इंटर्नशिपच्या महिन्यांत तुम्ही लॅबमध्ये नसता, तेव्हा स्टायपेंड चालू राहतो का? मी विचारलं नव्हतं. चार महिने बचतीवर काढले. एनआयएचच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) एफ३१ या पीएचडी करणाऱ्यांसाठीच्या फेलोशिपवर भिस्त असेल तर तिला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, तेही आत्ताच तपासा. आणि सरांना नको, त्यांच्याकडून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना गाठा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. स्टायपेंडचं आज सरांना विचारलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "ऑफिसला विचारून सांगतो." लेखी द्या म्हटलंय. मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या एकीचा नंबर मिळालाय, रविवारी फोन करते आणि इथेच लिहिते.