मदत हवी आहे : कोंबडीची पिल्लं खातात, पण अंगी लागत नाही

शेडवाला : दाणा टाकला की तुटून पडतात, वाढ मात्र शून्य. विष्ठेत मक्याचे कण जसेच्या तसे, वर नारिंगी चिकट शेम. औषध देऊन झालं. आणखी काय देऊ? लवकर सांगा.

रानपाखरू : वय काय? ब्रॉयलर (मांसाच्या कोंबड्या) की गावरान? कोणतं औषध?

जुनाखुराडा : कोक्सी आहे, म्हणजे आतड्यातल्या परजीवींचा रोग. त्यावरचं औषध अँप्रोलियम पाण्यातून द्या.

शेडवाला : ब्रॉयलरच, दुसरा आठवडा. अँटिबायोटिक दिलं. विष्ठेत रक्त अजिबात नाही, मग कोक्सी कशी? मर कमी, पण बॅच लहानमोठी झालीय, काही तर मुठीत मावतात.

दाणापाणी : पाय फिके पडलेत का? पंखांची पिसं वेडीवाकडी बाहेर आलीत?

शेडवाला : हो, दोन्ही! हे आधी सांगायला हवं होतं का?

दाणापाणी : त्यावरूनच कळतं. विषाणूंचा प्रकार वाटतो, रंटिंग-स्टंटिंग, म्हणजे वाढ खुंटवणारा रोग. ॲस्ट्रो, रिओ, रोटा हे ते विषाणू, बरेचदा एकाहून जास्त असतात. लहान आतड्यात बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, पचलेलं तिथूनच शोषलं जातं. विषाणू तिथल्या पेशी मारतात, उंचवटे खुरटतात, स्टार्च तोडणारी एन्झाइम्स कमी पडतात. न पचलेलं अन्न पाणी ओढतं, म्हणून विष्ठा पातळ. चरबी शोषली जात नाही, तिच्यासोबतचं ड जीवनसत्त्व आणि मक्यातला पिवळा रंगही वाया जातो. म्हणून पाय फिके, पुढे हाडं मऊ.

जुनाखुराडा : मग अँटिबायोटिक बंद करायचं? जखमी आतड्यात क्लॉस्ट्रिडियम जिवाणू शिरला तर?

दाणापाणी : विषाणूवर ते चालतच नाही. जिवाणू शिरल्याचं पोस्टमॉर्टेममध्ये दिसलं तर डॉक्टर देतील. उगाच कोर्सवर कोर्स नकोत.

रानपाखरू : शेडवाला, ब्रुडरखाली (ऊब देणाऱ्या दिव्याखाली) पिल्लं गोळा होतात का? शोषण कमी म्हणजे अंगात ऊब कमी.

शेडवाला : होतात. खाली अंथरलेलं तूसही ओलं आहे.

जुनाखुराडा : तुसापेक्षा लाकडाचा भुसा बरा.

रानपाखरू : काहीही असो, कोरडं हवं. ओलं काढा, ऊब वाढवा, पाण्यातून ड३ जीवनसत्त्व द्या. दोन-तीन ताजी मेलेली पिल्लं प्रयोगशाळेत पाठवा.

शेडवाला : आणि मुठीएवढी आहेत ती? भरून येतील?

दाणापाणी : आतडं भरून येतं, पण मागे पडलेलं वजन बहुतेकदा येत नाही. फार खुरटलेली वेगळी काढा, त्यांच्या विष्ठेतून पसरतं. हे विषाणू चिवट आहेत, साध्या धुण्याने जात नाहीत. पुढच्या बॅचआधी लिटर (खाली अंथरलेलं तूस-भुसा) पूर्ण काढा, शेड काही दिवस रिकामं ठेवा.

शेडवाला : तूस आत्ताच काढायला घेतो. पिल्लं उद्या प्रयोगशाळेत देतो. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.