चॅप्टर गळ्यात पडलंय, सभासद टिकवायचे कसे?

मुलुंडचा वायरमन
मंडळी, जरा अडलोय. सोळा वर्षं प्रोटेक्शन रिलेच्या (बिघाड झाला की वीज तोडायला लावणारं उपकरण) कामात आहे. एका आंतरराष्ट्रीय इंजिनिअर संघटनेच्या (नाव मुद्दाम देत नाही) मुंबई चॅप्टरचा, म्हणजे शाखेचा, अध्यक्ष जानेवारीपासून मी. निवडणूक कसली! एजीएममध्ये चहाचं बघायला बाहेर गेलो होतो, परत आलो तर माझ्यासाठी टाळ्या वाजत होत्या.

कागदावर सभासद २१०, त्यातले १३० विद्यार्थी. गेल्या शनिवारी चर्चगेटला व्याख्यान ठेवलं, आले ११. त्यात वक्ते, त्यांच्या मिसेस आणि मी धरून. सामोसे ४० सांगितले होते. उरलेले घरी नेले तर बायको म्हणाली, "ग्रोथ ग्रोथ म्हणतात ती हीच का?"

मुख्यालय अमेरिकेत. कॉल आपल्या सकाळी साडेसहाला, तिकडे रात्रीचे नऊ. दर वेळी नकाशा दाखवतात, त्यात आम्ही लाल. फी डॉलरमध्ये. लोक तोंडावर विचारतात, "मिळतं काय?" अमेरिकेत पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) लायसन्स असतं, ब्रिटनमध्ये चार्टर्ड इंजिनिअर म्हणवून घेता येतं. आपल्याकडे वकिलाला सनद लागते, आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे, पण आमच्यासारख्याला डिग्री हातात आली की झालं. मग संघटनेत यायचं कशाला? मलाच धड उत्तर देता येत नाही.

ठाणे स्लो
शनिवारी संध्याकाळी चर्चगेट? अर्ध्या लोकांना सेंट्रलवरून यायचंय, राव. दादरला घ्या, दोन्ही लाइनवाले येतील. बाकी सगळं नंतर.

निवृत्त सबस्टेशनवाली
वायरमनदादा, हे खुर्चीचं काम मी दोनदा केलंय. त्या १३० वर फार विसंबू नका. ती मुलं स्वतःहून आलेली नसतात. कॉलेजातले सर एका दुपारी सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतात आणि डिग्री मिळाली की मुलं गायब. मी दर जूनमध्ये शेवटच्या वर्षाची यादी घेऊन बसायचे आणि एकेकाला फोन लावायचे. "कुठे लागलास? सांगलीला? बरं, मुंबईत आलास की ये." साठ फोन केले की सात-आठ जण टिकायचे. पण पुढची कमिटी त्या सात-आठांतूनच उभी राहायची.

दुसरं म्हणजे आलेल्या माणसाला लगेच काम द्या. एक मुलगी दोन वर्षं मागच्या रांगेत बसायची आणि आभार संपायच्या आत उठून जायची. तिच्या हातात हजेरीची वही दिली. तिसऱ्या महिन्यात ती मलाच सांगायला लागली, मॅडम, वक्ता चुकीचा निवडलात. आज ती खजिनदार आहे, आणि माझ्यापेक्षा कडक.

विषयही बघा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. शहराला ग्रिडपासून तोडून चालू ठेवायची आयलँडिंगची सोय असूनही ती का टिकली नाही, यावर आम्ही ऑनलाइन बोलणं ठेवलं. एरवी वीसजण येत नाहीत, त्या दिवशी रात्री अकरापर्यंत प्रश्न चालू होते. खोपोलीच्या सहलीचंही तसंच. १९१५ पासून मुंबईला वीज देणारं ठिकाण म्हटल्यावर लोक मुलांना घेऊन आले.

जुनी गोष्टही आठवते. आयईईई, म्हणजे वीज-इलेक्ट्रॉनिक्सवाल्या इंजिनिअरांची जागतिक संघटना, १९६३ मध्ये दोन संस्था एक होऊन झाली. एआयईई १८८४ ची, वीज आणि तारायंत्रवाल्यांची. आयआरई १९१२ ची, रेडिओवाल्यांची. आयआरईने नावात 'अमेरिकन' हा शब्द मुद्दाम घातला नव्हता. नव्या पोरांना रेडिओ हवा होता, म्हणून धाकटी संस्था थोरलीच्या पुढे गेली. तुमच्या मुंबईत पोरं आज कुठे आहेत? ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्ये. मग व्याख्यान चर्चगेटला का?

डोंबिवली फास्ट
मॅडमचं पटलं, पण थोडं कडू बोलतो. बहुतेकांसाठी ही रेझ्युमेवरची एक ओळ आहे, आणि त्यात लाज कसली? आयईईईमध्ये सिनियर मेंबर व्हायला दहा वर्षांचा अनुभव आणि तीन जणांच्या शिफारशी लागतात. तुमच्याकडेही तसली श्रेणी असेलच. अनुभवी लोक अडतात ते शिफारशीपाशी, कारण ओळखीच नसतात. एका रविवारी चार-पाच जणांना बोलवा, लॅपटॉप उघडून फॉर्म भरून घ्या, शिफारस करणारे समोरच बसवा. फीचं गाऱ्हाणं आपोआप कमी होईल. मी स्वतः तेवढ्यासाठीच टिकलोय.

मुलुंडचा वायरमन
मॅडम, जूनची वाट न बघता फोन आजच सुरू केले. नऊ लावले, चार उचलले. एक जण खरंच ऐरोलीला निघाला, म्हणतो, आमच्या यूपीएस रूमवर बोलायला कोणी आणता का? त्यालाच म्हटलं, तूच बोल. घाबरलाय, पण नाही म्हणाला नाही. दादरला हॉल मिळाला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. सामोसे २५ सांगतोय.