आईला माइल्ड डिप्रेशन निघालं, गोळ्या नाही दिल्या. मग करायचं काय?

मानेवाडाकर
आई ५९ वर्षांची, शाळेतून रिटायर झाली तेव्हापासून गप्प गप्प राहते, पहाटे तीनलाच झोप उघडते, मेथी निवडायला घेतली की जुडी हातात धरून तशीच बसून राहते. आधी भिशी, हळदीकुंकू सगळ्यात पुढं. डॉक्टरांनी डिप्रेशन किती ते मोजायची नऊ प्रश्नांची ती पीएचक्यू-९ चाचणी घेतली, ८ स्कोर आला, म्हणे माइल्ड आहे, गोळ्या आत्ताच नको, काउन्सेलिंग आणि रुटीनवर बघू. आता मावशी म्हणते अश्वगंधा दे, चुलतभाऊ सेंट जॉन्स वर्ट ऑनलाइन मागवून राहिला, हर्बल आहे म्हणे. आईची थायरॉइडची अन् बीपीची गोळी चालू आहे. काय करू?

खामला_काका
रिकामपण आहे बाप्पा, दुसरं काही नाही. सुनमुख दाखवा, होते बरोबर.

सदरवाली
काका, सून काय औषध आहे का 😄
मी डॉक्टर नाही, सायकॉलॉजीचं एमए करून राहिली. ५ ते ९ स्कोर माइल्डच धरतात आणि अशा केसमध्ये पेशंटला स्वतःला हव्या असल्याशिवाय सरसकट गोळ्यांनी सुरुवात करू नका असं ब्रिटनच्या नाइस या आरोग्य संस्थेची २०२२ ची गाइडलाइनपण सांगते, म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी टाळाटाळ नाही केली. बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणून एक पद्धत आहे, त्यात मूड यायची वाट नाही पाहत, काम आधी करायचं, मूड मागून येतो. पण काम एवढंसं पाहिजे. "भिशीला जा" नाही, "भिशीतल्या एकीला फोन कर, दोन मिनिटं बोल". वार अन् वेळ वहीत लिहायची, झाल्यावर कसं वाटलं त्याला दहापैकी मार्क द्यायचे. शिक्षिका आहेत नं, वही आवडेल त्यांना. थायरॉइड, बी१२ तपासलं का? थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असाच मरगळतो, गोळीचा डोस अपुरा असू शकते.

गोळीवाला_भाऊ
मेडिकल स्टोअर आहे माझं म्हणून सांगतो, हर्बल म्हणजे बिनधोक हे डोक्यातून काढा. सेंट जॉन्स वर्ट बऱ्याच औषधांचा असर कमी करते, बीपीच्या काही गोळ्यापण त्यात आल्या, आणि उद्या डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहिलीच तर दोन्ही मिळून सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन जास्त वाढू शकते, ते धोक्याचं. अश्वगंधा थायरॉइडच्या लेव्हल वरखाली करते. पार्सल आलं तर परत पाठवा.

त्रिमूर्तीनगर_७७
माझ्या बायकोचं असंच होतं. चालणं कामी आलं, पण एकटी जायची नाही, शेजारीण दारात येऊन उभी राहायची मग नाइलाज. मे महिन्यात मात्र सकाळी सहाच्या आत घरी, आपलं नागपूरचं ऊन माहीत आहे नं.

मानेवाडाकर
थायरॉइड वर्षभरापासून तपासलंच नाही, उद्या सॅम्पल देतो. काउन्सेलिंगला आई तयार नाही, "मी काय वेडी झाली का" म्हणते. सरकारी कुठं होते का?

सदरवाली
नागपुरात मेडिकल कॉलेज, मेयो, एम्स या तिन्ही सरकारी दवाखान्यांत मानसोपचार ओपीडी आहे. तोवर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावून बघा, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, घरबसल्या असल्यामुळं त्या कदाचित तयार होतील. आणि जगण्यात अर्थ नाही असं काही बोलल्या किंवा जेवण सुटलं तर महिन्याच्या अपॉइंटमेंटसाठी थांबू नका, त्याच दिवशी न्या. तेव्हा गोळ्या लागल्या तर लागल्या.

खामला_काका
बरं, माझे शब्द मागे. आमच्या हिला भजनी मंडळात एक जण कमीच आहे, आईंना विचारून पाहा.