गेलेल्या पिकांना पान : नायनर्सच्या पोरांबद्दल तुमचं कोणतं भाकीत फसलं?

पाच नंबरवाला (सनीव्हेल)

परवा रविवारी (14 सप्टेंबर 2025) न्यू ऑर्लिन्समध्ये आपण, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्सनी, सेंट्सना 26-21 हरवलं. तीन टचडाउन पास टाकले मॅक जोन्सने. आपला नेहमीचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) ब्रॉक पर्डी, त्याच्या पायाचा अंगठा दुखावलाय, म्हणून जोन्स. मी सोफ्यावर उभा राहून ओरडत होतो, तेव्हा बायकोने शांतपणे विचारलं, "हाच ना तो, ज्याच्या नावाने तू अख्खा एप्रिल बोटं मोडत होतास?"

हाच तो. 2021 चा एप्रिल. ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने कॉलेजातली पोरं निवडतात तो) बाराव्या नंबरवरून तिसऱ्यावर जाण्यासाठी आपण मायामीला पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक, म्हणजे निवडीच्या पाळ्या, देऊन बसलो होतो, वर तिसऱ्या फेरीचा एक. आणि जो तो सांगत होता की एवढं सगळं अलाबामाच्या जोन्ससाठी केलंय. मी ग्रुपवर जाहीर केलं, जोन्स घेतला तर सीझन तिकिटं विकून टाकीन. (माझ्याकडे सीझन तिकिटं नव्हतीच, पण रागाला कागदपत्रं कोण मागतं?) प्रत्यक्षात नाव आलं ट्रे लान्सचं. कॉलेजात 2019 च्या एका मोसमात 28 टचडाउन पास आणि इंटरसेप्शन (समोरच्यांनी मधेच पकडलेले पास) शून्य! दहा मिनिटांत पाच नंबरची जर्सी मागवली. पूर्ण किमतीला. त्या आकड्यांमागे मोसम एकच होता, तोही लहान कॉलेजांच्या गटातला, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

18 सप्टेंबर 2022 ला, सिअ‍ॅटलविरुद्ध, मी ती जर्सी घालून लिव्हाइज स्टेडियममध्ये होतो. पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याचा घोटा मोडला. मैदानात गाडी आली, सगळा संघ तिच्याभोवती गोळा झाला. इतक्या माणसांच्या स्टेडियममध्ये मला माझ्या हातातल्या नाचोजचा कागद वाजलेला ऐकू येत होता. आपल्याकडून तो सुरुवातीपासून खेळला असे सामने किती? चार. पुढच्या ऑगस्टमध्ये डॅलसने त्याला चौथ्या फेरीच्या एका पिकच्या बदल्यात नेलं. जर्सी आता बागेला पाणी घालताना वापरतो.

पितृपक्ष चालू आहे, तेव्हा आपापल्या गेलेल्या पिकांना पान वाढायला हरकत नाही. कोणाला डोक्यावर घेतलंत, कोणाला मोडीत काढलंत, रोस्टरवरून (संघाच्या यादीवरून) कोणाशी भांडलात? नायनर्सचंच हवं असं नाही. फक्त "मला तेव्हाच माहीत होतं" वाल्यांनी पुरावा जोडावा.

फ्रीमाँटची वहिनी

पुरावा माझ्याकडे आहे, पण भाकीत माझं नाही, धाकट्या दिरांचं.

2022 ची हरतालिका, 30 ऑगस्ट. मला उपास, डोक्यात दुसऱ्या दिवशीचे गणपतीचे मोदक, आणि त्याच दिवशी दुपारी एकपर्यंत संघांना माणसं कापून 53 वर यायचं होतं. आमच्याकडे हा दिवस दहावीच्या निकालासारखा असतो. भाऊजी ओट्यापाशी लॅपटॉप घेऊन बसलेले. माझ्या किराण्याच्या यादीच्या मागच्या बाजूला त्यांनी स्वतःचे 53 लिहिले. क्वार्टरबॅकवर गाडी अडली. ज्याला नक्की सोडणार असं सगळे म्हणत होते तो गारापोलो आदल्याच दिवशी कमी पगारावर राहायला तयार झालेला. म्हणजे लान्स, गारापोलो, आणि तिसरा ठेवायचा का? भाऊजी म्हणाले, "पर्डीला सोडा. उद्या प्रॅक्टिस स्क्वाडवर परत घेऊ. शेवटच्या नंबरच्या पोराला कोण उचलणार आहे?"

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नवख्या पोराला सोडलं की तो एक दिवस वेव्हर्सवर असतो. इतर 31 संघांपैकी कोणीही त्याला उचलू शकतो. कोणी हात लावला नाही, तरच तो सरावाच्या तुकडीत परत येतो. दारात ठेवलेल्या चपलेसारखं. बहुतेक वेळा असते जागेवर, पण लग्नाच्या हॉलमध्ये ठेवाल का?

आमचे हे म्हणाले, ठेवा त्याला. भाऊजी म्हणाले, मग लाइनमधला (क्वार्टरबॅकला सांभाळणाऱ्या पुढच्या फळीतला) एक माणूस जाईल, त्याचं काय? तिथून आवाज चढले. मला एवढंच कळत होतं की ड्राफ्टमधल्या 262 व्या मुलासाठी दोन सख्खे भाऊ माझ्या स्वयंपाकघरात भांडतायत आणि त्यांना बाजूला सारता सारता माझं सारण खाली लागतंय. भाऊजींनी पर्डीच्या नावावर रेघ मारली. एकदा नाही, दोनदा.

संघाने त्याला ठेवलं. 4 डिसेंबरला मायामीविरुद्ध गारापोलोचा पाय मोडला आणि तेरा नंबरचा मुलगा, पर्डी, मैदानात आला. भाऊजी उठून चहा टाकायला गेले. आमच्या घरात ते पहिल्यांदाच चहा टाकत होते. आपण 33-17 जिंकलो. तो कागद माझ्या पाककृतींच्या वहीत आहे, गुळाच्या डागासकट.

एम्समधून

मी आयोवा स्टेटला मास्टर्स केलं, म्हणजे पर्डीची जवळजवळ सगळी वर्षं मी तिथेच होतो. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध हा पहिल्या वर्षाचा पोरगा अचानक आत आला आणि आम्ही 48-42 जिंकलो. लॅबमध्ये आम्ही तिघे मराठी, एकालाही डाउन म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं. आम्ही हा खेळ त्याला बघत बघत शिकलो. 2021 च्या जानेवारीत फिएस्टा बोलमध्ये ओरेगॉनला हरवलं, तेव्हा तर बर्फात बाहेर पळालो होतो.

तर "तेव्हाच माहीत होतं" म्हणायचा हक्क कोणाला असेल तर मला. आणि मला माहीत नव्हतं. शेवटच्या वर्षी तो काहीच्या काही इंटरसेप्शन देतोय असं वाटायचं. ड्राफ्टच्या तिसऱ्या दिवशी मी टीव्ही लावलासुद्धा नाही. मित्राचा मेसेज आला, "आपला माणूस मिस्टर इर्रेलेव्हंट झाला." शेवटच्या पिकला हे नाव 1976 पासून देतात, म्हणजे असून नसल्यासारखा. त्याला एक ट्रॉफीही मिळते, तिच्यावरच्या खेळाडूच्या हातून चेंडू सुटतोय असं दाखवलंय. मी हसण्याची इमोजी पाठवली. तो मेसेज मित्राने जपून ठेवलाय आणि दर सुपर बोलला (लीगच्या अंतिम सामन्याला) मला परत पाठवतो.

एक गंमत. त्या डिसेंबरात त्याने सुरुवातीपासून खेळलेला पहिला सामना टँपा बेविरुद्ध, म्हणजे समोर टॉम ब्रेडी. ब्रेडीचा ड्राफ्ट झाला तेव्हा पर्डी चार महिन्यांचाही नव्हता. आपण जिंकलो, 35-7.

कँडलस्टिकचा आजोबा

ब्रेडीचं नाव निघालंच आहे तर जुनी जखम उघडतो. हा मुलगा इथल्या सॅन मटेओचा, लहानपणी आपल्याच संघाचा चाहता. 2000 साली आपल्याला क्वार्टरबॅक हवा होता आणि आपण तिसऱ्या फेरीत जिओव्हानी कार्माझीला घेतलं. ब्रेडी 199 व्या नंबरवर न्यू इंग्लंडला गेला. कार्माझी लीगचा एकही सामना खेळला नाही. पण तेव्हा इथे कोणी हळहळलं का? अजिबात नाही. ब्रेडी सुटला असं आज म्हणणारे सगळे नंतर शहाणे झालेले आहेत, त्यात मीही आलो.

माझी स्वतःची चूक त्याहून मोठी. मी 1983 साली या देशात आलो. ऑफिसातल्या सहकाऱ्यांशी सोमवारी बोलायला काही विषय हवा म्हणून हा खेळ बघू लागलो. 1985 ला आपले कोच बिल वॉल्श यांनी पहिल्या फेरीत पिक बदलून, वर सरकून, मिसिसिपी व्हॅली स्टेट नावाच्या कॉलेजातला एक रिसीव्हर (पास पकडणारा) घेतला. मला ते कॉलेज नकाशावरही सापडेना. सुरुवातीला तो हातात आलेले चेंडू सोडायचा. कँडलस्टिकमध्ये, आपल्या जुन्या स्टेडियममध्ये, लोक त्याची हुर्यो उडवायचे, आणि त्या हुर्योत माझा आवाज होता, हे नातवंडांना अजून सांगितलेलं नाही. शेजारी बसणाऱ्या मित्राला मी म्हणालो होतो, "याचे हात आहेत की लोण्याचे गोळे?"

मग 9 डिसेंबरची सोमवार रात्र, रॅम्सविरुद्ध. तिथला वारा ज्यांनी अनुभवलाय त्यांनाच ती थंडी कळेल; कानटोपीवर कानटोपी घालून बसलो होतो. त्या एका रात्री त्या मुलाने दहा चेंडू पकडले, 241 यार्ड. सामना आपण हरलो, 27-20, पण उठून जाताना कोणी त्याबद्दल बोलतच नव्हतं. जेरी राइस.

मडगांवकार

फुटबॉल म्हणून धागा उघडला. हातात घेऊन पळतात त्याला फुटबॉल म्हणता तुम्ही?

पाच नंबरवाला

@मडगांवकार, किकर असतो आमच्यात. पण त्याच्याबद्दल विचारू नका, पुढे पुणेकर येतीलच.

पहाटपाळी (पुणे)

आलोच. मी तिथे कधीच राहिलो नाही. कंपनीच्या कामाला सहा महिने सांता क्लारात होतो, तेवढ्यात रोग लागला. सुपर बोल आमच्याकडे सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो.

2023 ला आपण तिसऱ्या फेरीत, 99 व्या नंबरवर, जेक मूडी हा किकर घेतला. सगळे म्हणाले, किकरवर तिसरी फेरी कोण घालवतं? मी एकटा त्याच्या बाजूने भांडलो. म्हटलं, घरात सगळं फर्निचर आहे, बल्ब गेलाय, तर बल्बच आणणार ना? 12 फेब्रुवारी 2024 च्या पहाटे त्याने 55 यार्डांचा गोल मारला, सुपर बोलमधला तोवरचा सर्वांत लांब. मी मित्रांना उठवून उठवून फोन केले. त्याच सामन्यात कॅन्सास सिटीच्या बटकरने 57 चा मारला. आणि मग तो चौथा क्वार्टर: जेनिंग्सचा टचडाउन, आपण 16-13 पुढे, एक गुणाची साधी किक राहिलेली, आणि ती अडवली गेली. जादा वेळेत आपण हरलो, 25-22. त्या एका गुणाचा हिशेब मी ऑफिसच्या बसमध्ये बोटांवर करत होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "ईएमआय का?"

गेल्या आठवड्यात, मोसमाच्या पहिल्याच सामन्यानंतर, मूडीला सोडलं. मीही सोडलं.

पण तो जुआन जेनिंग्स बघा. 2020 चा, सातव्या फेरीतला, 217 वा. त्याच सुपर बोलमध्ये त्याने एक टचडाउन पकडला आणि एक चक्क फेकला. त्याच्याबद्दल मी काय भाकीत केलं होतं? काहीच नाही. मला तो संघात आहे हेच माहीत नव्हतं.

मिशिगनकाठचा (शिकागो)

आम्ही बेअर्सवाले, आम्हाला धागा नको, अख्खं पोर्टल लागेल. 2017 ला आमच्या संघाने तुमच्याशी सौदा करून तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारली आणि क्वार्टरबॅक ट्रुबिस्की घेतला. महोम्स, पुढे कॅन्सास सिटीचा क्वार्टरबॅक झाला तो, दहाव्यापर्यंत मोकळा होता. तुमच्यातला एक मित्र मला वर्षभर चिडवत होता: "एक घर सरकायला किती रे दिलंत!" त्याला एवढंच विचारतो, तिसऱ्यावर तुम्ही कोण घेतला? सॉलोमन थॉमस. महोम्स तुम्हालाही दिसला नाही. मग तोच महोम्स 2020 ला आणि 2024 ला सुपर बोलमध्ये तुम्हाला दोनदा भेटला.

आणि पर्डीच्या गोष्टी सांगताय तर पैशाचंही बोला. 2023 मध्ये तो जेमतेम 8 लाख 70 हजार डॉलरवर खेळत होता, म्हणून तुमची बाकीची राजेशाही चालली. आता पाच वर्षांचे 26 कोटी 50 लाख डॉलर. सॅम्युअल गेला, हुफांगा गेला, ग्रीनलॉ गेला, वॉर्ड गेला. स्वस्तात क्वार्टरबॅक मिळाला होता तेव्हा किताब मारायला हवा होता. नाही मारलात.

पाच नंबरवाला

झोंबलं, कारण खरं आहे. पण सगळं पर्डीच्या माथी नको. वॉर्ड आणि ग्रीनलॉ त्याची सही व्हायच्या दोन महिने आधी गेले. सॅलरी कॅपचं (संघाच्या एकूण पगारांवरच्या मर्यादेचं) आमच्या आईच्या भिशीसारखं आहे: मागे उचलून बसलात की पुढे हप्ते भरावेच लागतात. म्हणून तर यंदा अकरा नवखे घेतले, पहिले पाचही बचावफळीतले. जॉर्जियाचा मायकेल विल्यम्स अकराव्या नंबरवर. मला तो आवडलाय. (विल्यम्स, मला माफ कर.)

लाइनवाली

तुम्ही सगळे क्वार्टरबॅकवरच का? 2024 ला तिसऱ्या फेरीत डॉमिनिक पुनी घेतला तेव्हा मी वैतागले होते. कॅन्सस विद्यापीठात हा लेफ्ट टॅकल (लाइनच्या टोकाची जागा) खेळलेला, आणि आपल्याला हवा होता गार्ड (त्याच्या आतली). म्हटलं, पोळ्या लाटणाऱ्याला भाकरी थापायला बसवलाय. पहिल्याच वर्षी 17 च्या 17 सामन्यांत तो सुरुवातीपासून होता. मोसमभर समालोचकाच्या तोंडी त्याचं नाव मी फारसं ऐकलं नाही. लाइनमधल्या माणसाचं नाव एरवी पिवळा रुमाल पडला, म्हणजे पंचाने चूक पकडली, की घेतात.

त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत रिकी पिअरसॉल घेतला तेव्हाही मी कुरकुरले, घरात दोन चांगले रिसीव्हर असताना तिसरा कशाला? 31 ऑगस्टला युनियन स्क्वेअरमध्ये त्याला लुटायच्या प्रयत्नात गोळी लागली, छातीतून शिरून पाठीतून बाहेर. आदल्याच शनिवारी मी सासूबाईंना तिथे फिरवून आणलं होतं. 20 ऑक्टोबरला तो कॅन्सास सिटीविरुद्ध मैदानात उतरला. त्यानंतर मी त्याच्या नंबरावरून कोणाशी वाद घातलेला नाही.

धाकटी पाती (फ्रीमाँट)

वहिनी, हा धागा मला दादाने पाठवलाय, त्यामुळे आता बोलणं भाग आहे. यादी माझी होती, मान्य. पहिली रेघ माझी. पण दुसरी नीट बघा, ती निळ्या पेनाने आहे. निळं पेन त्या दिवशी दादाकडे होतं.

फ्रीमाँटची वहिनी

वही काढून पाहिली. भाऊजी, दोन्ही काळ्या आहेत. रविवारी कार्डिनल्सच्या मॅचला याल तेव्हा चहा तुम्हीच टाका.