जबाबदेही, उत्तरदायित्व की नुसता जाब?

परळची सून
वॉर्डात नव्याने निवडून आलेल्या बाईंना आमच्या सोसायटीतर्फे आणि शेजारच्या दोन चाळींतर्फे पत्रक द्यायचंय. मसुदा इंग्रजीत आलाय आणि 'अकाउंटेबिलिटी'वर गाडी अडलीय. मी 'जबाबदेही' लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, "ही टीव्हीवरची हिंदी, खोड ते." 'जबाबदारी' चालत नाही. नालेसफाई करणं ही जबाबदारी. ती का झाली नाही हे आमच्यासमोर येऊन सांगणं वेगळं. त्या दुसऱ्याला काय म्हणायचं? परवा छापायला जातंय.

वाचस्पती
उत्तरदायित्व. माहिती अधिकार कायद्याच्या (२००५) मराठी पाठात 'पारदर्शकता व उत्तरदायित्व' आहे. तयार शब्द असताना शोधाशोध कशाला?

डेपोवाला
पाठात आहे, तोंडात नाही. आमच्या कॅन्टीनमध्ये 'उत्तरदायित्व' म्हटलं तर पोरं विचारतील, कितव्या पेपरला?

जुनी फाइल
कोर्टात कारकुनी केली म्हणून सांगतो. अर्जदार आणि जाबदार अशी जोडी आम्ही रोज लिहायचो. ज्याला उत्तर द्यायचंय तो जाबदार. 'जबाब' अरबीतला, फारसीमार्गे आला आणि आपण त्याचे दोन केले: पोलीस नोंदवतात तो जबाब, आपण विचारतो तो जाब. म्हणजे मुळात उत्तर, पण मराठी माणूस ते 'विचारतो'! आणि 'जबाबदार'मध्ये तुमचा अर्थ अजून जिवंत आहे हो. मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं (अनुच्छेद १६४) म्हणतो तेव्हा काम वाटून घेतल्याचं नाही, उत्तर देणं लागतं असंच म्हणायचं असतं. 'जबाबदारी' मात्र झिजून कर्तव्य झाली. तेव्हा ताई, सरळ लिहा: 'आम्ही तुम्हाला जाब विचारणार.'

परळची सून
काका, पहिल्याच भेटीत जाब? भांडायला आल्यासारखं वाटेल.

वाचस्पती
फारसीचा गोतावळाच जमवायचा होता तर शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला कशाला?

डेपोवाला
मग 'लोकशाही'पण टाका. शाही कुठली? निजामशाहीतलीच ना? 'लोकतंत्र' लिहिलंत तर सासूबाई पुन्हा हिंदी म्हणणार.

वाचस्पती
वाद आला की लोकशाहीची शेपटी ओढायची, ही जुनी खोड.

चाकरमानी
आमच्या गावच्या मुंबई मंडळाची सभा लालबागला एका खोलीत भरायची. खजिनदार उभा राहून वही वाचायचा, त्याला 'झाडा देणे' म्हणत. एकदा पेट्रोमॅक्सच्या रॉकेलवरून सभा रात्री एकपर्यंत चालली. खजिनदार माझे सख्खे चुलते. पुढच्या वर्षी त्यांनी वही माझ्याकडे दिली! 'नगरसेवकांनी सहा महिन्यांनी झाडा द्यावा' असं लिहा. (झाडणे, झडती, झाडा: खिसे उलटे करून दाखवणे, ही माझी व्युत्पत्ती. कोशात शोधू नका.)

जुनी फाइल
झाडा उत्तम. तरुणांना झाड वाटेल.

डेपोवाला
शब्द कुठलाही घ्या, समोर माणूस तरी हवा. पालिकेची मुदत ७ मार्च २०२२ला संपली, निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ला. मध्ये प्रशासक. २२७ जागा आणि विचारायला एक नाही. आमच्या गल्लीतला खड्डा त्या काळात बालवाडीत गेला असेल.

चाकरमानी
आधीही कोण विचारत होतं? माझे वडील 'नगरपिता' म्हणायचे. बापाकडे हिशेब मागायची पद्धत आपल्यात नाही.

वाचस्पती
म्हणून तर 'सेवक' आला. बदल शब्दानेच होतो.

डेपोवाला
पाटी बदलली. टेबलामागची खुर्ची तीच.

परळची सून
मंडळी, छापखान्याचा फोन आला. तूर्त 'कामाचा हिशेब' टाकलंय. सासूबाईंनी पास केलं. आता तो विचारतोय, वर 'नगरसेविका' करू की 'नगरसेवक'?

वाचस्पती
नगरसेविका. यात विचारायचं काय?

जुनी फाइल
पद म्हणून 'नगरसेवक'च. राष्ट्रपतींचं आपण राष्ट्रपत्नी करतो का?

चाकरमानी
सेविका म्हटलं की मला अंगणवाडीच आठवते.

डेपोवाला
बाईंनाच विचारा ना.